रँडवधामागील हेतूंची चिकित्सा : वाईचा खटला ते गणेशखिंड

प्रस्तावना

२२ जून १८९७ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवानिमित्त पुण्यातील गणेशखिंड येथील गव्हर्नरच्या निवासस्थानी समारंभ झाला. तो आटोपून परतणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी वॉल्टर चार्ल्स रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर रात्री रस्त्यातच गोळ्या झाडण्यात आल्या. आयर्स्ट तत्काळ मरण पावला. रँडचा मृत्यू ३ जुलै रोजी ससून रुग्णालयात झाला. रँडवर दामोदर हरी चापेकर याने, तर आयर्स्टवर त्याचा बंधू बाळकृष्ण याने गोळी झाडली होती.

कृत्य कोणी केले याविषयी इतिहासकारांत वाद नाही. ते का केले, याविषयी मात्र गेली सव्वाशे वर्षे मतभेद आहेत. प्लेग निवारणातील जुलमाचा सूड, धर्माभिमान, राजद्रोही कट आणि वैयक्तिक वैफल्य अशी चार उत्तरे प्रामुख्याने दिली जातात. प्रस्तुत निबंधात या उत्तरांची तपासणी केली असून, पुण्याच्या इतिहासात सहसा ओझरता उल्लेख होणाऱ्या सातारा जिल्ह्यातील एका पूर्वप्रसंगाचे स्थान निश्चित करण्याचा प्रयत्न केला आहे.

साताऱ्यातील रँड

पुण्याला येण्यापूर्वी रँड सातारा येथे असिस्टंट कलेक्टर होता. तत्कालीन सातारा जिल्हा आजच्यापेक्षा बराच विस्तृत होता. आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवे, तासगाव हा मुलूखही त्यातच मोडत असे. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले.

१८९३ मधील मुंबईच्या दंगलीनंतर मशिदीवरून वाद्ये वाजवीत जाण्याचा प्रश्न इलाख्यात ठिकठिकाणी पेटला होता. १८९४ मध्ये वाई येथे या मनाईचा भंग झाल्याच्या आरोपावरून गावातील काही प्रतिष्ठित गृहस्थांना रँडने तुरुंगवासाची शिक्षा ठोठावली. वाई हे कृष्णाकाठचे क्षेत्र व शास्त्री-पंडितांचे गाव. तेथील संभावित माणसे सामान्य गुन्हेगारांप्रमाणे कारागृहात गेल्याने या खटल्याचा मोठा बोभाटा झाला. त्यामुळे फेब्रुवारी १८९७ मध्ये पुण्याच्या विशेष प्लेग समितीचे अध्यक्षपद रँडकडे आले, तेव्हा सुशिक्षित पुणेकरांना हे नाव अपरिचित नव्हते. हा अधिकारी कठोर आहे व धार्मिक भावनांची पर्वा करीत नाही, असे मत त्याच्या आगमनापूर्वीच तयार झालेले होते.

या घटनेस हत्येचा मूळ हेतू मानण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तथापि वाईच्या शिक्षेनंतर जवळजवळ तीन वर्षे रँडवर कोणताही हल्ला झाला नाही. वाईने रँडविषयीचा पूर्वग्रह निर्माण केला. हत्येचा निर्णय त्यातून झाला असे म्हणता येत नाही.

प्लेग समिती आणि सूडाचा सिद्धान्त

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. त्यान्वये सरकारला जवळजवळ अमर्याद अधिकार मिळाले. रँड हा मुलकी अधिकारी होता, पोलीस अधिकारी नव्हे. परंतु मार्चपासून त्याच्या हाताखाली गोरे शिपाई घरोघर झडत्या घेऊ लागले, रोगी रुग्णालयात व त्यांचे आप्त विलगीकरण छावणीत धाडले जाऊ लागले, आणि सामान जाळले जाऊ लागले. तेव्हा सामान्य नागरिकाच्या दृष्टीने मुलकी, लष्करी व पोलीस सत्ता एकाच व्यक्तीत एकवटली. देवघर, माजघर व स्त्रियांची अब्रू या तिन्हींवर एकाच वेळी आघात होत असल्याची भावना सार्वत्रिक होती. स्वच्छतेच्या उपायांना लोकमान्य टिळकांचा विरोध नव्हता. त्यांनी हिंदूंसाठी रुग्णालयही चालविले. त्यांचा आक्षेप अंमलबजावणीच्या पद्धतीवर होता. शिपायांच्या अत्याचारांविषयी इंग्लंडमध्ये निवेदन करणाऱ्या गोपाळ कृष्ण गोखले यांना पुरावा सादर करता न आल्याने पुढे माफी मागावी लागली. ही माफी अत्याचार घडलेच नाहीत याचा पुरावा मानता येत नाही. परक्या सत्तेपुढे साक्ष देण्यास कोण पुढे येणार, हा प्रश्न तेव्हाही होता.

सूडाच्या सिद्धान्तास या परिस्थितीचा भक्कम आधार आहे. परंतु त्यात दोन अडचणी उरतात. पहिली अडचण कालक्रमाची आहे. पुण्यातील ही मोहीम मेअखेर ओसरली होती, तर हत्या जूनच्या उत्तरार्धात झाली. दुसरी अडचण आयर्स्टची आहे. केवळ प्लेगच्या जुलमाचा सूड उगवावयाचा, तर त्या समितीचा सभासद नसलेल्या आयर्स्टचा मृत्यू या चौकटीत बसत नाही.

दामोदरचा कबुलीजबाब

ऑक्टोबर १८९७ मध्ये दामोदरने मुंबईच्या मॅजिस्ट्रेटसमोर कबुलीजबाब दिला. नंतर तुरुंगात त्याने आत्मवृत्तही लिहिले. मुंबईतील राणीच्या पुतळ्यास डांबर फासून त्यास जोड्यांची माळ घातल्याचे त्याने कबूल केले. हे कृत्य ऑक्टोबर १८९६ मधील, म्हणजे रँडच्या नियुक्तीपूर्वीचे आहे. सुधारक व धर्मांतरित व्यक्तींवरील हल्ल्यांचीही त्याने कबुली दिली. तरुणांना व्यायाम व शस्त्रविद्या शिकविणारे मंडळ त्याने आधीच स्थापन केले होते. सैन्यात शिरण्याचा त्याचा प्रयत्न मात्र निष्फळ ठरला होता.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, दामोदरचा इंग्रजी सत्तेवरील रोष प्लेगमुळे जन्मास आलेला नाही. दोन, हा रोष सुधारकांवरील रोषापासून वेगळा काढता येत नाही. कीर्तनकाराच्या घरात वाढलेल्या या तरुणास परकी सत्ता, ख्रिस्ती धर्म व समाजसुधारणा ही एकाच संकटाची तीन रूपे वाटत होती. हा भाग गाळून त्याला केवळ आधुनिक राष्ट्रवादी ठरविणे, अथवा हाच भाग पुढे करून त्याला केवळ धर्मवेडा ठरविणे, दोन्ही पुराव्याशी विसंगत आहे.

राजद्रोही कटाचा सिद्धान्त

सरकारला हे कृत्य एका माणसाचे वाटणे शक्य नव्हते. रायगडावरील शिवाजीच्या स्मारकाची चळवळ, जूनमधील शिवोत्सवातील भाषणे व १५ जूनच्या ‘केसरी’तील लेखन यांचा हत्येशी संबंध जोडला गेला. जुलैअखेर टिळकांना अटक झाली व १४ सप्टेंबर रोजी अठरा महिन्यांची शिक्षा झाली. नातू बंधूंना खटल्याविना स्थानबद्ध करण्यात आले. उल्लेखनीय बाब अशी की, हे सर्व घडले तेव्हा मारेकरी अद्याप पकडला गेलेला नव्हता. हेतूविषयीचा निष्कर्ष पुराव्याआधीच काढला गेला होता. १९१८ च्या राउलट समितीच्या अहवालानेही मुंबई इलाख्यातील क्रांतिकारी चळवळीचा आरंभ चापेकरांपासूनच मांडला. टिळकांच्या लेखनाने वातावरण तापले हे खरे. परंतु वातावरण आणि कट या भिन्न गोष्टी होत. हत्येच्या कटात टिळकांचा सहभाग न्यायालयात सिद्ध झाला नाही. त्यांची शिक्षा राजद्रोही लेखनाबद्दल होती.

१८९९ : हेतूचे रूपांतर

१८ एप्रिल १८९८ रोजी दामोदरला येरवड्यास फाशी झाली. ८ फेब्रुवारी १८९९ रोजी माहिती देणाऱ्या द्रविड बंधूंवर गोळ्या झाडण्यात आल्या. त्यानंतर धाकटा बंधू वासुदेव याने पोलीस हवालदार रामा पांडू याच्यावरही गोळी झाडली, पण नेम चुकला. मे महिन्यात वासुदेव, महादेव रानडे व बाळकृष्ण फासावर गेले. या दुसऱ्या पर्वात प्लेगही नव्हता व हीरक महोत्सवही नव्हता. येथील हेतू फितुरीची शिक्षा आणि बंधूच्या फाशीचा प्रतिशोध असा सरळ आहे. एकाच घराण्यातील, दोन वर्षांच्या अंतरातील कृत्यांनाही एकच हेतू लावता येत नाही, हे यावरून दिसते.

निष्कर्ष

हेतू, निमित्त व संधी या तीन संज्ञा वेगळ्या ठेवल्यास वरील मतभेद बरेचसे निवळतात. धर्माभिमान व परकी सत्तेचा द्वेष यांतून घडलेला हेतू जुना होता. प्लेग समितीच्या कारभाराने त्यास निमित्त व लक्ष्य दिले. वाईच्या खटल्याने त्या लक्ष्याची ओळख आधीच करून ठेवली होती. हीरक महोत्सवाच्या रात्रीने संधी पुरविली, तसेच सुमारे आठ महिन्यांपूर्वी राणीच्या पुतळ्याशी सुरू झालेल्या अवमाननेस पूर्णताही आणली.

पदवी वर्गात हा प्रसंग बहुधा एका वाक्यात आटोपला जातो : प्लेगच्या जुलमाचा सूड. या वाक्यामुळे १८९६ चा पुतळा, सुधारकांवरील हल्ले आणि आयर्स्ट ही तिन्ही प्रकरणे विद्यार्थ्याच्या नजरेआड होतात. फासावर गेलेल्यांचा आदर राखण्यासाठी त्यांचे विचार सोपे करून सांगण्याची आवश्यकता नाही. त्याचप्रमाणे सातारा व सांगली परिसरातील महाविद्यालयांना हा विषय पुण्याचा म्हणून दूर ठेवण्याचेही कारण नाही. रँडची महाराष्ट्राला झालेली कटू ओळख कृष्णेच्या काठी, वाईच्या खटल्यात झाली होती. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी त्या खटल्याकडे नव्याने वळणे अगत्याचे आहे.