मिरीची गादी मिरचीने कशी घेतली

चकली असो की चिवडा, दिवाळीच्या फराळाला तिखट हवेच. पण हे तिखट आपल्या चुलीचे मूळचे नव्हे, ते दुसऱ्याच्या बदली आलेले आहे, असे म्हटले तर आमच्या ओझरच्या आजीबाई मला वेड्यात काढतील. ठेचा-भाकरीवर वाढलेल्या निफाड तालुक्यात असे बोलणे म्हणजे आगळीकच! तरी इतिहासाची साक्ष तशीच आहे.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात राजाच्या मुदपाकखान्यातले पदार्थ मोठ्या हौसेने सांगितले आहेत. तेथे मिरे आहेत, आले आहे, हिंग आहे. मिरची मात्र नाही. ज्ञानदेवांच्या महाराष्ट्रानेही ती पाहिली नव्हती.

मिरची अमेरिकेची. मिऱ्यांच्या देशाची वाट शोधायला कोलंबस १४९२ साली निघाला आणि त्याला भेटली ही! पुढे १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला, १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला, आणि त्यांच्या गलबतांबरोबर मिरची आपल्याकडे आली.

आमच्या बायकांनी तिला का पत्करले? मिरीच्या वेलाला दमट हवा, भरपूर पाऊस आणि चढायला झाड लागते. तो मलबार-कोकणाचा रहिवासी. घाटावर मिरी म्हणजे वाण्याकडची विकतची वस्तू. मिरचीचे तसे नाही. बी परसात टाकावे, रोपाला सांडपाणी घालावे. काही महिन्यांत हिरवी खावी, उरलेली वाळवून वर्षाची बेगमी करावी. जिच्या कनवटीला दमडी नव्हती, तिच्या कोरड्या भाकरीलाही चव आली. कोणाचा हुकूम नव्हता, फर्मान नव्हते. ही निवड चुलीपाशीच झाली.

बदली आलेलीने नावही मिरीचेच घेतले. संस्कृत 'मरिच' वरून मिरे, आणि त्यांच्याच नात्याने मिरची. पुढे तर चवीचे 'तिखट' हे नावही तिच्या पुडीला मिळाले! भाषेत मात्र दोन्ही काळ नांदतात. डोक्यावर अजून मिरेच वाटतात; नाकाला झोंबतात त्या मिरच्या.

मिरी अगदीच हद्दपार झाली नाही. काढ्यात तिचा मान आहे. काही घरांत श्राद्धाच्या स्वयंपाकात मिरचीला मज्जाव असतो, तेथे जुन्या धनिणीचीच आठवण होते. ओझरला १९६४ साली विमानांचा कारखाना निघाला आणि परप्रांतीय कुटुंबे शेजारी आली. त्यांतल्या दक्षिणी घरांच्या रसमात मिरी आपल्या जागी ठाम बसलेली मी पाहिली आहे. आमच्याकडे ज्यांना मिरची सोसत नाही, त्यांच्यासाठी आमटी उतरवताना भरडलेली मिरी घालतात. रंग येत नाही, पण स्वाद येतो.

तेव्हा वाचकहो, कोणी नवी सून फोडणीत काही बदल करू लागली, तर 'आपल्यात असे नसते' म्हणण्यापूर्वी जरा तिखटाच्या डब्याकडे पाहावे.