साताऱ्याची 'प्रिया' आणि जुन्या वाहनांचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द ऐकला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें देवालय उभें राहतें. पडका सभामंडप, शेवाळलेला कळस, गांवकऱ्यांची वर्गणी आणि मग नवा चुना. परंतु हा शब्द आतां एका अगदीं निराळ्या वस्तूलाहि लागूं पडूं लागला आहे. युरोपांत व अमेरिकेंत, आणि आपल्या मुंबई-पुण्यांतहि, पन्नास-पन्नास वर्षांच्या गंजलेल्या मोटारी चांगलें मोल देऊन विकत घेणारे, त्या खोलून, साफसूफ करून पुन्हां रस्त्यावर आणणारे हौशी लोक आहेत. जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीच्या जुन्या गाड्यांवर तर या मंडळींचा विशेष लोभ. श्रोतेहो, ही हौस श्रीमंतांची आणि परदेशची, आपला तिच्याशीं संबंध काय, असें आपणांस वाटेल. संबंध आहे. जर्मन गाडी आपल्यापैकीं अनेकांनीं दुरूनच पाहिली असेल. पण साताऱ्यास तयार झालेली 'प्रिया' स्कूटर पुष्कळांच्या दारांत, निदान शेजाऱ्याच्या दारांत तरी, उभी होती. तिच्या पहिल्या पिढीची आतां पन्नाशी भरत आली आहे, आणि तिचें पुढें काय करावयाचें हा प्रश्न आपल्याच अंगणांत येऊन ठेपला आहे.

प्रथम जर्मन गाडीचा वृत्तांत थोडक्यांत सांगतों. बीएमडब्ल्यू या अक्षरांचा अर्थ बव्हेरिया प्रांताचा इंजिन-कारखाना इतकाच. पहिल्या महायुद्धांत हा कारखाना विमानांचीं इंजिनें करीत असे. जर्मनी हरली, १९१९ च्या व्हर्सायच्या तहानें तें काम बंद पडलें, आणि कारखान्याला आगगाडीचे ब्रेक करून पोट भरावें लागलें. १९२३ सालीं त्यानें आपली पहिली मोटारसायकल काढली. चारचाकी गाडीची हकीकत याहून मौजेची आहे. १९२८ सालीं कंपनीनें आयझेनाख गांवचा एक चालू कारखाना विकत घेतला. तेथें 'डिक्सी' नांवाची चिमुकली गाडी होत असे, आणि ही डिक्सी म्हणजे इंग्लंडांतील 'ऑस्टिन सेव्हन' गाडीची परवाना घेऊन केलेली नक्कल होती. ज्या नांवाचा आज एवढा दबदबा, त्याची पहिली मोटार दुसऱ्याची होती! दुसऱ्या महायुद्धांत या कारखान्यानें सक्तीनें आणलेल्या हजारों माणसांना राबविलें. जुन्या गाडीच्या कौतुकांत ही गोष्ट विसरली जाऊं नये. युद्धानंतर पुन्हां बंदी आली, तेव्हां भांडीं व सायकली करून दिवस काढावे लागले. १९५९ सालीं तर कंपनी दुसऱ्याच्या हातीं जाण्याच्या बेतांत होती. १९६२ सालीं बाजारांत आलेल्या '१५००' या गाडीनें व १९६८ च्या '२००२' या गाडीनें तिची पत सांवरली. आज हौशी लोक जी '२००२' जिवापाड जपतात तिच्यामागें हा सारा चढउतार आहे.

आतां इटलीकडे वळूं. पियाज्जिओ या कारखान्याची गत जवळजवळ अशीच होती. तोहि विमानें करणारा, युद्धांत तोहि उद्ध्वस्त झालेला. तेथें कोराडिनो दास्कानिओ नांवाचे एक विमानविद्येचे जाणकार होते. त्यांनीं १९४६ सालीं 'व्हेस्पा' ही दुचाकी निर्माण केली. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी. मोटारसायकलीला जसा नळ्यांचा सांगाडा असतो तसा हिला नाहीं. पोलादी पत्रा दाबून वांकवून केलेला धड हाच तिचा सांगाडा. पुढचें चाक विमानाच्या चाकाप्रमाणें एकाच बाजूनें धरलेलें. त्यामुळें पंक्चर झालें कीं मोटारीच्या चाकासारखें तें काढावें व मागची स्टेपनी बसवावी. साखळी नाहीं, वंगणानें धोतराला डाग नाहीं, आणि लुगडें नेसलेल्या बाईलाहि मागें बसतां यावें अशी सोय. अशी ही गाडी मध्यमवर्गाच्या मनांत भरली यांत नवल कसलें?

१९६० सालीं बजाज कंपनीनें पियाज्जिओकडून परवाना मिळविला व आपल्या देशांत व्हेस्पा होऊं लागली. १९७१ सालीं तो करार संपला. पुढें तोच सांचा 'चेतक' या आपल्या नांवानें चालूं राहिला. त्या काळीं कोणी किती माल काढावा हें सरकारच्या परवान्यावर अवलंबून असे, आणि मागणी तर पुराच्या पाण्यासारखी. परिणाम असा कीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. मुलीच्या लग्नाच्या याद्या होतांना 'स्कूटरचा नंबर लागला आहे' हें वाक्य दागिन्याच्या तोलाचें समजलें जाई. अशा वेळीं, १९७५ सालीं, पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज यांच्या भागीदारीनें 'महाराष्ट्र स्कूटर्स' ही कंपनी स्थापन झाली व तिचा कारखाना साताऱ्यास निघाला. तेथून जी स्कूटर बाहेर पडली ती 'प्रिया'. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या शहरांत इटलीच्या गांधीलमाशीची ही मराठी बहीण जन्मास आली, आणि मास्तर, तलाठी, पोस्टमास्तर, बँकेंतले कारकून यांच्या संसारांत येऊन दाखल झाली. सकाळीं ती आडवी कलती करून, मग उभी करून किक मारणें हा एक नित्यविधीच होता. माझीहि एक होती. शाळेच्या फाटकांत ती रुसली म्हणजे धक्का द्यावयास वर्गांतल्या सर्वांत वात्रट मुलांचीच झुंबड उडे.

गियरच्या स्कूटरींचे दिवस पुढें सरले. २००६ सालीं साताऱ्यांतील हें उत्पादन थांबलें आणि कारखाना सांचे, जिग, फिक्श्चर अशा कामाकडे वळला. चेतक हें नांव २०२० सालीं परत आलें, पण तें विजेवर चालणाऱ्या गाडीला. 'प्रिया' हें नांव मात्र जुन्या पत्र्यावरच राहिलें.

येथें थोडें विषयांतर करतों. परंतु तें केल्यावांचून पुढचें म्हणणें पटावयाचें नाहीं. आपल्या या कृष्णाकांठच्या मुलखांत नवें करणारा हात बहुधा दुरुस्ती करणाऱ्या हातांतूनच निपजला आहे. मिरजेचीं तंतुवाद्यें घ्या. एकोणिसाव्या शतकांत तेथल्या शिकलगारांचा धंदा हत्यारांना धार लावण्याचा. लढायांचे दिवस गेले, हत्यारांचें काम उतरलें, आणि हे कारागीर गवयांचे बिघडलेले तंबोरे दुरुस्त करूं लागले. दुरुस्त करतां करतां त्यांना भोपळा कळला, जवारी कळली, आणि ते स्वतःच तंबोरे व सतारी घडवूं लागले. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालें, त्याचें मूळ या डागडुजींत आहे.

दुसरें उदाहरण किर्लोस्करवाडीचें. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा उद्योग सुरू झाला तो १८८८ सालीं बेळगांवांत काढलेल्या सायकलच्या दुकानांत. सायकली विकावयाच्या आणि मोडल्या कीं दुरुस्त करावयाच्या. त्यांतून कडबा कापण्याचें यंत्र आलें, लोखंडी नांगर आला, आणि १९१० सालीं औंधच्या अधिपतींनीं दिलेल्या माळरानावर वाडी वसली. ती जागा आज सांगली जिल्ह्यांत आहे. साताऱ्यास धनजीशा कूपर यांनीं १९२२ सालीं काढलेल्या कारखान्याचीहि वाटचाल शेतीच्या अवजारांपासून डीझेल इंजिनापर्यंत अशीच झाली. तेव्हां 'प्रिया' साताऱ्यास झाली ती ओसाड जागीं झाली नाहीं. लेथवर उभा राहणारा, ओतकाम जाणणारा, कानानें इंजिनाचा दोष ओळखणारा माणूस येथें दोन पिढ्या आधींपासून होता.

आणि हाच माणूस आतां कमी होत चालला आहे. जुन्या स्कूटरचा जीर्णोद्धार म्हणजे पैशाचें काम नव्हे. पैसे देऊनहि तें करून देणारा मिस्त्री सांपडला पाहिजे. काम कसें चालतें तें सांगतों. प्रथम गाडी पुरती खोलावयाची. धड हाच सांगाडा असल्यामुळें गंजानें खाल्लेला पत्रा हा हिचा खरा रोग. पाय ठेवण्याच्या जागेखालीं आणि स्टँडच्या आसपास पावसाचें पाणी सांचून पत्रा पापडासारखा होतो. वरून रंग चकचकीत असतो आणि खालून बोट आरपार जातें. तो भाग कापून नवा पत्रा अशा बेतानें जोडावा लागतो कीं धड एका सुतांत राहील. तें वांकलें तर गाडी जन्मभर एका बाजूस ओढते. नंतर इंजिन. दोन-स्ट्रोकच्या इंजिनांत पेट्रोलबरोबरच तेल जळतें, त्याची काजळी सायलेन्सरांत व धूर जाण्याच्या वाटेंत धरते. ती खरवडली कीं निम्मी मरगळ जाते. सिलिंडर झिजला असेल तर बोअरिंग करून थोडा मोठा पिस्टन बसवावयाचा, क्रँकचीं बेअरिंगें बदलावयाचीं, पॉईंट घासून त्यांतील फट नीट जुळवावयाची. हें फटीचें माप पुस्तकांत असतें. पण जुना मिस्त्री आवाज ऐकून तें जुळवितो, आणि तें ज्ञान कोणीं लिहून ठेवलेलें नाहीं.

आजच्या काळानें एक नवी अडचण घातली आहे. पेट्रोलांत आतां वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. जुन्या काळचीं रबरी सीलें व नळ्या त्यानें फुगतात, चिरतात. तीं बदलल्यावांचून बाकीचा खर्च वायां.

सुट्या भागांच्या बाबतींत मात्र आपली स्थिति जर्मन गाडीवाल्याहून वाईट नाहीं. बीएमडब्ल्यू कंपनीनें म्यूनिकला आपल्या जुन्या गाड्यांसाठीं स्वतंत्र विभागच ठेवला आहे व ती पूर्वींच्या गाड्यांचे भाग पुरविते. परंतु भारतांत बसून ते मागविणाऱ्यास किंमतीवर जकातहि सोसावी लागते. 'प्रिया'चें गोत्र मोठें. व्हेस्पाच्याच वंशांतली असल्यानें तिचे कितीतरी भाग आपल्या बाजारांत अजून मिळतात, आणि युरोपांतले व्हेस्पावालेहि भारतांत झालेले भाग वापरतात. गुरूनें शिष्याकडून दक्षिणा न घेतां सामान घ्यावें असा हा प्रकार.

हौशी लोकांविषयीं माझी एक तक्रार आहे. जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं गाडी नवरीसारखी सजविण्याची खोड फार बोकाळली आहे. जेथें मूळचा साधा राखी रंग होता तेथें दोन-दोन झगझगीत रंग, जेथें साधें लोखंड होतें तेथें चकाकणारा मुलामा. देवळाच्या काळ्या पाषाणाला तैलरंग फांसणाऱ्या पंचांना आपण नांवें ठेवतों; मग येथें वाहवा कशाची? कारखान्यांतून आलेला रंग टिकला असेल तर तो फिका का होईना, राहूं द्यावा. साताऱ्याच्या कामगारानें मारलेला तो हात आहे, आणि दुसरा हात तसा मिळणार नाहीं.

कायद्याकडे पाहिलें तर गोष्ट आणखी नाजूक होते. खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढें तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. २०२२ सालीं दुचाकीच्या या नूतनीकरणाची फी ३०० रुपयांवरून १००० रुपये झाली. उलट २०२१ सालीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांवरील जुन्या वाहनांसाठीं निराळे नियम केले. अशा वाहनास 'व्हीए' अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीची फी त्या नियमांत २०,००० रुपये ठेवली गेली. मात्र सांगाडा, धड व इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नसावा, आणि असें वाहन रोजच्या वापरास काढूं नये. प्रदर्शन, मेळावा, संशोधन, इंधन व दुरुस्ती एवढ्यासाठींच तें रस्त्यावर यावें. राजेरजवाड्यांच्या मोटारींना हा नियम शोभतो. पण जी गाडी भाजी आणण्यासाठीं जन्मली तिला प्रदर्शनाची वस्तु करण्यास वीस हजार कोण देईल? जुन्या दोन-स्ट्रोक इंजिनाचा धूर वाईट, हें मला मान्य आहे. शहराच्या गर्दींत त्या हजारोंनीं फिराव्यात असें कोणीच म्हणणार नाहीं. तथापि रविवारीं सकाळीं साताऱ्याहून मेढ्यापर्यंत जाऊन येणारी एखादी 'प्रिया' हवेचें किती बिघडविणार? चालती राहिली तरच तिच्या मिस्त्रीला काम राहील, आणि मिस्त्री राहिला तरच ती चालेल. महामंडळाचा पैसा जिच्यांत घातला गेला त्या गाडीसाठीं थोडी स्वस्त, मधली वाट निघावयास हरकत नाहीं.

ज्यांना एखादी विकत घ्यावयाची इच्छा असेल त्यांनीं रंगाकडे पाहूं नये. गाडी आडवी निजवून खालचा पत्रा पाहावा, चुंबक फिरवावा. जेथें चुंबक धरीत नाहीं तेथें पत्र्याच्या जागीं लांबी भरलेली असते. मग धडावर ठोकलेल्या क्रमांकावर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल घासावी, व उमटलेले अंक नोंदणीपुस्तकांतील अंकांशीं एकेक करून ताडून पाहावेत. मूळ मालक वारले असतील तर वारसांच्या सह्या आधीं घ्याव्यात, पैसे मागाहून द्यावेत. आणि घरांत कोठें जुनी पावती, नोंदणीचा कागद किंवा कारखान्याची पुस्तिका असेल तर तीहि गाडीबरोबर मागून घ्यावी. पुष्कळ घरांत ती अजून लोखंडी कपाटाच्या खालच्या खणांत पडून आहे.