पॉल मॅकग्रा : दुखऱ्या गुडघ्यांचा भक्कम बचावपटू

पॉल मॅकग्रा हे आयर्लंडचे माजी फुटबॉलपटू. त्यांचा जन्म ४ डिसेंबर १९५९ रोजी लंडनमध्ये झाला. आई आयरिश, वडील नायजेरियन. बालपण डब्लिनच्या अनाथाश्रमांत गेले. १९८२ मध्ये ते मँचेस्टर युनायटेडमध्ये आले आणि १९८५ चा एफए कप जिंकला. गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया आणि दारूच्या व्यसनामुळे कारकीर्द संपल्यात जमा होती. पण १९८९ मध्ये अ‍ॅस्टन व्हिलाने त्यांना घेतले. तिथे सराव जवळपास बंद, तरी सामन्यात ते भिंतीसारखे उभे राहत. १९९३ मध्ये इंग्लंडमधील व्यावसायिक खेळाडूंनीच त्यांना वर्षातील सर्वोत्तम खेळाडू निवडले. १९९४ च्या विश्वचषकात आयर्लंडने इटलीला १-० ने हरवले, तेव्हा रॉबर्टो बॅजिओला रोखण्यात त्यांचा मोठा वाटा होता. देशासाठी ८३ सामने खेळलेल्या मॅकग्रा यांनी २००६ मधील आत्मचरित्रात आपल्या व्यसनाबद्दल काहीही लपवले नाही.