नेटवर्क कार्डालाही ताप चढतो

ठाण्याहून कशेळीमार्गे भिवंडीकडे निघाले, की काल्हेर, पूर्णा, राहनाळ असा गोदामांचा जवळजवळ सलग पट्टा लागतो. मुंबईत जकात होती त्या काळात महापालिकेच्या हद्दीबाहेर माल उतरवून ठेवण्याची सोय म्हणून या पट्ट्याला महत्त्व आले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होऊन जकात गेली, गोदामे मात्र राहिली. या गोदामांतील कार्यालय म्हणजे बहुधा पत्र्याच्या छपराखाली पार्टिशन टाकून केलेली केबिन. आवक-जावकीच्या नोंदी, बिले आणि कॅमेऱ्यांचे चित्रण सांभाळणारा संगणक तेथेच टेबलाखाली असतो. अशा संगणकात दहा गिगाबिट वेगाचे नेटवर्क कार्ड बसविले, तर एप्रिल-मे महिन्यांतील दुपार ही त्याची खरी परीक्षा ठरते.

या परीक्षेत कार्ड नापास होते ते गाजावाजा न करता. दुपारी दोन-अडीचच्या सुमारास मोठी फाइल अर्ध्यावर अडकते, जोडणी तुटते आणि थोड्या वेळाने आपोआप परत येते. केबल बदलली जाते, स्विचवर संशय घेतला जातो, इंटरनेट पुरविणाऱ्याकडे तक्रार जाते. तंत्रज्ञ संध्याकाळी येतो तेव्हा सारे सुरळीत चाललेले असते. दोष तापमानाचा असेल, तर तो संध्याकाळी सापडणे कठीणच. म्हणूनच कार्डाच्या तापमानाची नोंद ठेवणे ही हौशी मंडळींची चैन नसून दुरुस्तीची पहिली पायरी आहे.

कार्ड तापते कशाने?

मदरबोर्डवरील नेहमीची एक गिगाबिटची चिप साधारण एक वॉट किंवा त्याहूनही कमी वीज घेते. तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही तरी चालते. दहा गिगाबिटचे तसे नाही. तांब्याच्या साध्या केबलवरून हा वेग मिळविण्याचे मानक २००६ साली निश्चित झाले. त्यात केबलमधील चारही जोड्यांवरून एकाच वेळी दोन्ही दिशांनी सेकंदाला ८० कोटी संकेत धावतात. आपल्याच संकेतांचा प्रतिध्वनी आणि शेजारच्या जोडीचा गोंगाट वजा करण्यासाठी चिपला अखंड गणित करीत राहावे लागते आणि त्या गणिताची किंमत उष्णतेच्या रूपाने मोजावी लागते. सुरुवातीच्या चिपा एका पोर्टमागे दहा वॉटच्या आसपास वीज खात. पुढे हे प्रमाण बरेच उतरले, परंतु जुनी कार्डे बाजारात आजही फिरत आहेत.

यातील एक बाब सहसा लक्षात येत नाही. फाइलींची ये-जा थांबली म्हणजे कार्ड थंड होईल, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात जोडणी जिवंत ठेवण्यासाठीच चिप राबत असते. त्यामुळे जुन्या कार्डांत काम नसतानाही तापमान फारसे खाली येत नाही.

दुसरे कारण कार्डाच्या जन्माशी निगडित आहे. ही कार्डे मुळात सर्व्हरसाठी बनतात. सर्व्हरच्या पेटीत पंख्यांची रांग असते आणि हवा समोरून मागे सतत वेगाने वाहते. उत्पादक तापमानाची मर्यादा देतात तेव्हा हवेचा वेगही मिनिटाला अमुक फूट असा नमूद करतात. ‘५५ अंश सेल्सिअसपर्यंत चालेल’ एवढेच वाक्य वाचून ती अट सोडून दिली, की फसगत होते. घरगुती संगणकाच्या कॅबिनेटमध्ये, त्यातही ग्राफिक्स कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात, हवा जवळजवळ थबकलेली असते. मोठ्या कार्यालयांतून निघालेली सर्व्हरची कार्डे स्वस्तात मिळतात. ती घेणाऱ्याला कार्ड मिळते, पण त्याच्यासोबतचा वारा मिळत नाही.

आकडा कोठे दिसतो?

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाचे तापमान दिसत नाही. एचडब्ल्यूइन्फोसारखे प्रोग्रॅम काही कार्डांचे तापमान दाखवितात. लिनक्समध्ये ‘एलएम-सेन्सर्स’ हे साधन बसवून ‘सेन्सर्स’ ही आज्ञा दिली, की ज्यांचा ड्रायव्हर ही माहिती पुरवितो, त्या कार्डांचा आकडा प्रोसेसरच्या आकड्यासोबतच दिसतो. अॅक्वॉन्शिया कंपनीच्या (ही कंपनी २०१९ मध्ये मार्व्हेलने घेतली) दहा गिगाबिट चिपांबाबत ही सोय आहे. मेलॅनॉक्सच्या (२०२० पासून एनव्हिडियाच्या) कार्डांसाठी कंपनीच्याच साधनसंचात तापमान वाचण्याची स्वतंत्र आज्ञा मिळते आणि ती विंडोजवरही चालते.

कार्डात फायबरचे सुटे मॉड्यूल असेल, तर चिपचे आणि मॉड्यूलचे तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात ठेवावे. लिनक्समध्ये ‘इथटूल’ या आज्ञेला ‘एम’ हा पर्याय जोडला, की मॉड्यूलचे तापमान, प्रकाशाची तीव्रता आणि उत्पादकाने ठरविलेल्या धोक्याच्या मर्यादा एकत्र दिसतात. अर्थात मॉड्यूलमध्ये तशी सोय असावी लागते. साधारण मॉड्यूलची मर्यादा ७० अंशांची असते. फायबरच्या खाचेत तांब्याच्या केबलचे मॉड्यूल बसविणे मात्र जपूनच करावे. फायबरचे मॉड्यूल एका वॉटच्या आसपास वीज घेते, तर हे दोन ते तीन वॉट घेते आणि तेवढ्याशा डबीतून ती उष्णता बाहेर पडायला वाव नसतो.

कार्ड आकडाच देत नसेल, तर इन्फ्रारेड थर्मामीटर उपयोगी पडतो. तथापि करोनाच्या काळात घरोघरी आलेली कपाळावर धरायची ‘गन’ येथे कुचकामी आहे. शरीराच्या तापापलीकडे तिची मजल जात नाही. औद्योगिक कामाचा थर्मामीटर हवा. चकचकीत अॅल्युमिनियमवर तोही फसतो आणि प्रत्यक्षाहून बराच कमी आकडा दाखवितो. संगणक बंद करून हीटसिंकवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवावा आणि संगणक पुन्हा तापल्यावर त्या टेपवर नेम धरावा. त्यावर मिळणारा आकडा पृष्ठभागाचा असतो, आतील चिप त्याहून गरम असते.

किती म्हणजे जास्त?

प्रोसेसरच्या सवयीने ८० अंश पाहून घाबरण्याचे कारण नाही. मेलॅनॉक्सच्या अनेक कार्डांच्या पुस्तिकांत १०५ अंशांना इशारा, ११५ अंशांना कार्डाने स्वतःहून बंद होणे आणि तेही साधले नाही तर १३० अंशांना शेवटचा उपाय, अशा तीन पायऱ्या दिलेल्या आहेत. प्रत्येक चिपची मर्यादा वेगळी असल्याने पुस्तिका पाहणे अपरिहार्य आहे. इंटेलच्या काही दहा गिगाबिट कार्डांचा लिनक्स ड्रायव्हर कार्ड अतितापाने थांबविल्याची नोंद करून संगणक पुन्हा सुरू करण्यास सांगतो. दुपारच्या तक्रारीनंतर सर्वप्रथम ही नोंदवही उघडावी.

महत्त्वाचा असतो तो खोलीच्या आणि कार्डाच्या तापमानातील फरक. समजा, जानेवारीच्या सकाळी केबिनमध्ये २२ अंश आणि कार्ड ७४ अंशांवर आहे. फरक ५२ अंशांचा. मे महिन्यात छपराखालची हीच केबिन ४२ अंशांवर गेली, तर तेच कार्ड ९४ अंशांच्या घरात पोहोचेल. कार्डात काहीही बिघडलेले नसेल, केवळ मोकळी जागा संपत आलेली असेल. उलट, खोली तेवढीच असताना फरक ५२ वरून ६५ वर गेला, तर पंखा थांबला आहे किंवा हीटसिंक धुळीने भरला आहे, असे समजावे. म्हणून दर मिनिटाला कार्डाचे तापमान वेळेसह फाइलमध्ये उतरविणारी छोटी स्क्रिप्ट लावावी आणि शेजारी टांगलेल्या साध्या थर्मामीटरचा आकडा दिवसातून दोन-तीनदा लिहून ठेवावा. त्यातील एक वेळ दुपारची असलीच पाहिजे.

वीज गेल्यानंतरचा अर्धा तासही तपासण्यासारखा आहे. संगणक यूपीएसवर चालू राहतो, वातानुकूलन यंत्र मात्र बंद पडते. बंद केबिनचे तापमान झपाट्याने चढते ते नेमके तेव्हाच.

उपाय फारसे खर्चीक नाहीत. कार्डाच्या शेजारची खाच रिकामी ठेवावी आणि हीटसिंकवर वारा पडेल असा एक पंखा लावावा. मोठा आणि संथ पंखा असला तरी पुरतो. कॅबिनेटची बाजू काढून ठेवण्याची पद्धत मात्र सोडावी. त्यामुळे समोरून मागे जाणारा प्रवाह मोडतो आणि धूळ थेट आत येते. संगणक आणि स्विच एकाच टेबलाजवळ असतील, तर तांब्याच्या दोन्ही टोकांना मॉड्यूल जोडूनच येणारी तयार केबल वापरावी. ती जवळजवळ तापतच नाही. शिवाय दहा गिगाबिटची गरज खरोखर आहे काय, हेही विचारायला हवे. २०१६ च्या मानकानुसार चालणारे अडीच गिगाबिटचे कार्ड जुन्याच केबलवर सेकंदाला सुमारे २८० मेगाबाइट वाहून नेते. बिले आणि कॅमेऱ्यांचे चित्रण यांसाठी ते बहुतेक ठिकाणी पुरेसे असून ते तापतेही पुष्कळ कमी.

भिवंडीत धुळीचा प्रकारही निराळा आहे. यंत्रमागांच्या परिसरात हवेत कापसाची तूस असते. हीटसिंकच्या पात्यांत ती नमद्यासारखी घट्ट बसते आणि नुसत्या फुंकरीने निघत नाही. संगणक बंद करून, कार्ड बाहेर काढून मऊ ब्रशने आधी तूस सोडवावी आणि मग ब्लोअर मारावा. पंखा असल्यास त्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, अन्यथा हवेच्या झोताने तो भरमसाट फिरून त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. हे काम मार्चमध्ये, उन्हाळा चढण्यापूर्वी उरकावे. सफाईच्या आदल्या व दुसऱ्या दिवशीचे दुपारचे आकडे शेजारी शेजारी ठेवले, की तूस किती अंशांची होती ते कळते.