बाळ 'बीटा' पिढीचं, मग मी कोणत्या पिढीची?

"डॉक्टर, बाळ 'जेन बीटा' होणार म्हणे. मग मी कोण?" तपासणीला आलेल्या गरोदर मुली हल्ली हसत हसत असं विचारतात. प्रश्न गमतीचा वाटतो, पण त्याचं एक उत्तर बाळाच्या तब्येतीशी जोडलेलं आहे. म्हणून थोडा इतिहास पाहू.

ही नावं परदेशातून आली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जन्मांची लाट आली, त्या मुलांना 'बेबी बूमर' म्हणू लागले. पुढे १९८१ ते १९९६ मधले 'मिलेनियल', १९९७ ते २०१२ मधले 'जेन झी', मग 'अल्फा' आणि २०२५ पासून 'बीटा', अशी विभागणी रूढ झाली.

आपल्याकडे पिढी अशी मोजत नसत. आजीला जन्मसाल विचारलं, तर ती एखादी घटना सांगते. बोईसर-तारापूरकडे अशी मोठी घटना म्हणजे अणुऊर्जा केंद्र. ते १९६९ मध्ये सुरू झालं. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदाही त्याच वर्षीचा. तुमचा जन्म इथलाच असेल, तर तुमच्या दाखल्यावर जिल्हा ठाणे असेल. बाळाच्या दाखल्यावर मात्र पालघर येईल, कारण आपला जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला.

डॉक्टरला पिढी कळते ती लसींवरून. आजीच्या हातावर देवी काढल्याची खूण असते. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला, पुढे ती लस बंद झाली. तुमच्या दंडावर बहुधा बीसीजीचा लहान व्रण असेल. पल्स पोलिओ १९९५ मध्ये सुरू झाला, म्हणजे तुमच्यापैकी अनेकजणी 'दो बूँद' घेत वाढल्या.

आता मुख्य मुद्दा, रुबेलाचा. लहानपणी हा आजार किरकोळ असतो: थोडा ताप, अंगावर पुरळ. पण १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या नॉर्मन ग्रेग या नेत्रतज्ज्ञाच्या लक्षात आलं, की जन्मतः मोतीबिंदू असलेल्या अनेक बाळांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला होता. गर्भाच्या डोळ्यांना, कानांना आणि हृदयाला तो इजा करू शकतो. पहिल्या बारा आठवड्यांत धोका सर्वांत जास्त असतो.

महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये झाली. ती नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी होती. म्हणजे २००५ मध्ये जन्मलेल्या मुलीला ही लस शाळेतच मिळण्याची संधी होती. १९९९ मध्ये जन्मलेलीला नव्हती, कारण तिच्या लहानपणी सरकारी कार्यक्रमात फक्त गोवराची लस होती. दोघीही 'जेन झी', पण रुबेलाच्या बाबतीत पिढ्या वेगळ्या! मोठ्या मुलीला खासगी दवाखान्यात एमएमआर मिळालेली असू शकते, किंवा नकळत रुबेला होऊन गेल्याने संरक्षणही असू शकतं. ते अंदाजाने कळत नाही.

म्हणून आज तीन गोष्टी करा.

पहिली, आईला फोन करा. नोकरीसाठी गाव सोडून बोईसरला आलेल्या कुटुंबांत लसीचं कार्ड बऱ्याचदा गावच्या पेटीत राहतं. ते शोधायला सांगा.

दुसरी, कार्ड नसेल तर रुबेला आयजीजी ही रक्ततपासणी हवी का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. मूल होऊ देण्याचा विचार चालू असेल, तर आत्ताच विचारा. लस घेतल्यावर किमान एक महिना गर्भधारणा टाळावी लागते.

तिसरी, गरोदर असाल तर ही लस आता घेऊ नका, ती बाळंतपणानंतर घेता येते. अंगावर दूध पाजत असतानाही चालते. तोपर्यंत ताप आणि पुरळ असलेल्या माणसापासून दूर राहा. संपर्क आलाच, तर लगेच डॉक्टरांना कळवा. घाबरून स्वतःहून कोणताही निर्णय घेऊ नका.

बाळाला गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत मिळेल. त्याचं कार्ड जपून ठेवा. वीस-पंचवीस वर्षांनी तुमची लेक हाच प्रश्न घेऊन फोन करेल, तेव्हा उत्तर तुमच्याकडे तयार असेल.