फराहबागेचे पाणी

अहमदनगरच्या (२०२४ पासून अहिल्यानगर) आग्नेयेस असलेल्या फराहबागेविषयी लिहिताना अभ्यासकांची दृष्टी बहुधा तिच्या अष्टकोनी मांडणीवर आणि मधल्या उंच घुमटाकार दालनावर खिळते. मुर्तजा निजामशहाच्या कारकीर्दीत १५८३ मध्ये हा महाल पुरा झाला. आधीची वास्तू पसंत न पडल्याने ती पाडून सलाबतखानाकरवी नवी बांधविली, हा प्रसंगही वारंवार सांगितला जातो. पाण्याचा उल्लेख मात्र एखाद्या वाक्यात आटोपतो.

वस्तुतः महाल तलावाच्या मध्यभागी उभारला तो केवळ शोभेसाठी नव्हे. नगरचा उन्हाळा कोरडा. कोरडा वारा पाण्यावरून वाहताना वाफ होण्यात त्याची उष्णता खर्ची पडते आणि तो गारवा घेऊन कमानींतून आत शिरतो. आतील तापलेली हवा उंच छताकडे चढते. हे कार्य चालावयाचे तर तलाव भरलेला हवा, आणि पर्जन्यछायेच्या या प्रदेशात त्यासाठी पाणी बाहेरून आणणे प्राप्त होते. निजामशाहीत कापूरवाडी, वडगाव, भिंगार या बाजूंनी नगरकडे खापरी नळ आले ते याच गरजेतून. भाजलेल्या मातीच्या नळांचे सांधे चुन्याने भरून ते जमिनीखाली घालीत. उतार फार झाला तर सांध्यांवर ताण येई. कमी झाला तर गाळ साचे.

आधुनिक इमारतींत हवामान राखणारे नियंत्रक एका जाळ्याने जोडलेले असतात. १९९५ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या बॅकनेट या प्रमाणकानुसार प्रत्येक नियंत्रकास स्वतंत्र क्रमांक लागतो. एकच क्रमांक दोघांस दिला, तर यंत्र निर्दोष असूनही निरोप चुकतो. खापरी नळांत हे पत्त्याचे काम पातळी करी. कोणत्या हौदात किती पाणी जावयाचे, हे त्याच्या उंचीने व तोंडाच्या रुंदीने ठरे. साम्य येथेच संपते. पाणी परत येऊन बिघाड कळवीत नाही. तो माणसाने नळाच्या वाटेने चालत जाऊन शोधावा लागे.

अशी माणसे दरबाराच्या खर्चाने राहत. १६०० मध्ये किल्ला मोगलांच्या हाती गेला, १६३६ मध्ये निजामशाही संपली. त्यानंतर एका विलासमहालाच्या तलावासाठी हा खर्च कोण करणार? याउलट मलिक अंबरने खडकीस, म्हणजे पुढील औरंगाबादेस, आणलेली नहर विसाव्या शतकापर्यंत उपयोगात राहिली, कारण तिचे पाणी शहर पीत होते.

फराहबागेभोवतीचा तलाव आता बहुधा कोरडाच असतो. महालाची डागडुजी करताना तलावात पाणी कोठून व कोणत्या पातळीवर येत होते, याची मोजणी आधी झाली पाहिजे. वाढत्या शहराच्या खोदकामात नळांची वाट एकदा पुसली, की ती करता येणार नाही.