एक भाषा, अनेक यंत्रे

पवईच्या आय.आय.टी.त १९६० नंतरच्या दशकात सोव्हिएत बनावटीचे ‘मिन्स्क-२’ हे गणकयंत्र आले. त्याचा एक ‘शब्द’ ३७ बिटांचा. पुढल्या दशकात तेथेच आलेल्या ‘ईसी-१०३०’चा शब्द ३२ बिटांचा. संस्था एक, यंत्रे देणारा देशही एक. परंतु एका यंत्राच्या आज्ञा दुसऱ्यास कळत नव्हत्या. यंत्र बदलले की माणसाचे जुने श्रम वाया! आम्हां कामगार चळवळीतील माणसांना या इतिहासाचे अगत्य वाटते ते याच कारणाने.

‘सी’ ही भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास घडविली. ती अनेक यंत्रांवर नेता येते, हे त्या दशकाअखेर सिद्ध झाले. मात्र ही भाषा यंत्राला समजावून देणारा दुभाषा, म्हणजे कंपायलर, प्रत्येक यंत्राला वेगळा लागतो. आणि दुभाषे वाढले तसे अर्थही वाढले. सीमधील ‘इंट’ ही पूर्णांक संख्या कोठे १६ बिटांची, कोठे ३२ बिटांची. सोळा बिटांत ३२,७६७ हून मोठी संख्या मावत नाही. तेव्हा एका यंत्रावर ४०,००० दाखविणारा हिशेब दुसऱ्यावर बहुधा उणे २५,५३६ दाखवी. हा मजकुराचा दोष की दुभाष्याचा? लेखी करार नसता निवाडा कोणी करावयाचा?

तो करार करण्यासाठी १९८३ मध्ये अमेरिकेत समिती बसली. १९८९ मध्ये तेथील प्रमाण ठरले, १९९० मध्ये ते आंतरराष्ट्रीय झाले. काही कलमे सर्वांवर बंधनकारक ठरली. काही बाबी कंपायलरवर सोपविल्या, पण आपण काय करतो हे त्याने लेखी सांगितले पाहिजे. काही बाबतींत मात्र कसलीच हमी नाही. कामगारांच्या करारातही तिसरा भागच घातक असतो. मालक आपला सोयीचा अर्थ तेथेच घुसवितो.

म्हणून जाणते कारागीर बंधनकारक कलमांवरच भिस्त ठेवतात. यंत्रागणिक बदलणारा भाग ते एकाच ठिकाणी वेगळा ठेवतात. एकच मजकूर दोन कंपायलरांकडून तपासून घेतात व त्यांच्या सूचना दुर्लक्षीत नाहीत. १९९९ च्या प्रमाणाने नेमक्या रुंदीच्या संख्यांना नावेही दिली. त्यामुळे ३२ बिट हवे असतील तर तसे स्पष्ट लिहिता येते.

एका यंत्राच्या सवयीवर विसंबलेले काम त्या यंत्राच्या धन्याचे बांधील होते. कराराच्या शब्दावर उभे असलेले काम धनी बदलला तरी टिकते.